बदली क्लॅरिनेटवाला

‘सांभाळत आहेत’ या दोन शब्दांशी तो अडला आणि हातातला चहा गार होईपर्यंत तिथंच उभा राहिला. कागद तसा साधाच होता. चौघडी घातलेला, पिवळसर. वर ट्रामच्या आगारामागच्या कँटीनचं रेखाचित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘आपला जॅझ बँड : सदस्य आणि पार्श्वभूमी’. येत्या रविवारी बँडला पस्तीस वर्षं पुरी होणार होती. त्यानिमित्त ट्रॉम्बोनवाल्याच्या सुनेनं, ती छापखान्यात नोकरीला होती, हौसेनं हा कागद काढला होता आणि सकाळी कामावर जाता जाता त्याच्या दुकानाच्या दाराखालून आत सरकवला होता. कागद उचलताना त्याला चक्क आनंद झाला होता, हे नंतर आठवून त्याची त्यालाच लाज वाटली. चष्मा पुसून, खिडकीशी उजेडात जाऊन, कागदावर स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाला साजेशी सगळी तयारी त्यानं केली होती. पहिलं अर्धं पान कप्तानाचं. कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, वाजवणारा तो, बँड काढणारा तो, आगारात टाइमकीपर असताना जेवणाच्या सुट्टीत चौघांना कँटीनमध्ये जमवून त्यानं पहिली चाल कशी बसवली, मग साहेबांनी रविवारी सकाळी कँटीन कसं मोकळं करून दिलं, सगळं साग्रसंगीत. मग ट्रॉम्बोनवाला, आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला. ‘धुरातून वाचवून आणलेली फुप्फुसं त्यांनी संगीताला वाहिली’. सासऱ्याबद्दल सून लिहीत होती, तेव्हा हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. बँजो वाजवणारे भूगोलाचे मास्तर. ट्यूबा वाजवणारा, पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरणारा लठ्ठ माणूस. ड्रमवर शिंपीणबाई, ‘बँडचा कणा’. शिंपीणबाई अकरा वर्षांपूर्वी आल्या, नवरा गेल्यावर त्याच्याच ड्रमवर, त्याच्याच स्टुलावर बसल्या. त्या नवऱ्याचा कागदावर उल्लेखसुद्धा नव्हता. आणि सगळ्यांत शेवटी : ‘क्लॅरिनेट – कप्तानांचे धाकटे बंधू (कै.). बँडचा आत्मा. त्यांच्या पश्चात ही जागा आमचे दातवाले सांभाळत आहेत.’ त्याखाली छापखान्याचा पत्ता होता.

पस्तीसातून सहा गेले की एकोणतीस उरतात. सहा वर्षं धाकटा वाजवत होता, एकोणतीस वर्षं तो वाजवतोय. धाकट्याच्या वेळचे ऐकणारे आता कँटीनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नाही. तरी आत्मा तो आणि सांभाळणारा हा. सांभाळायचं काय असतं? बाकावर कुणी बॅग ठेवतं, ‘जरा बघा हं, आलोच’ म्हणून निघून जातं, आणि आपण भल्या मनानं त्या बॅगेशेजारी बसून राहतो. गाडी येते, जाते. बाक सोडून उठायची सोय नाही, कारण आपण हो म्हटलेलं असतं. त्यानं कागद पुन्हा चौघडी करून शर्टाच्या खिशात घातला, मग काढला, मग प्लॅस्टरच्या डब्याखाली ठेवला. तळपायाची आग मस्तकात वगैरे जाते म्हणतात, तसं काही झालं नाही. त्याची आग नेहमी गुडघ्यापर्यंतच यायची आणि तिथं विझायची. तो स्टुलावर बसला आणि त्यानं कामाला हात घातला.

काम म्हणजे कवळ्या. डॉक्टर तोंडं बघायचे, याच्याकडे फक्त साचे यायचे. पांढऱ्या प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. त्या साच्यावर तो मेणाची हिरडी चढवायचा, तिच्यात एकेक दात बसवायचा, मग मेण जाऊन गुलाबी प्लॅस्टिक यायचं, मग घासणं, मग चकाकी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. रस्त्यात कुणी हसलं की तो आधी दात ओळखायचा, माणूस मागाहून. श्रेय डॉक्टरांचं, हे या धंद्यात ठरलेलंच, आणि त्याबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती. पण म्हणूनच तर रविवार होता! आठवड्यातले सहा दिवस दुसऱ्याच्या तोंडात राहायचं आणि सातव्या दिवशी अकराच्या ठोक्याला आपल्या तोंडानं बोलायचं, अशी काहीतरी वाटणी त्यानं तरुणपणी मनाशी केली होती. ती वाटणी कुठे बिघडली हे त्याला नेमकं माहीत होतं. तारीख, वार, खुर्च्यांची रांग, सगळं माहीत होतं. बिघडवली त्यानं स्वतःच होती, हीच तर खरी चीड.

धाकटा दुकानाच्या याच मागच्या खोलीत येऊन बसायचा. दोघं एकाच वयाचे, दोघांना क्लॅरिनेटचं वेड. फरक इतकाच की याला मेहनत करावी लागायची आणि धाकट्याला लागायची नाही. साच्यांच्या फळीला टेकून, पाय मेणाच्या पेटीवर ठेवून तो वाजवायचा आणि मध्येच हसायचा, तर ते हसू सुरात मिसळून जायचं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पात बसवावी लागते. चांगली पात मिळायला दहा-दहा पाती घासून बघाव्या लागतात. हा ब्लेडनं घासून पाती तयार करायचा आणि धाकटा येऊन ‘माझी फाटली रे, दे एक’ म्हणून सगळ्यांत चांगली उचलून न्यायचा. सहा वर्षांत एक परत आली नाही. तरी राग यायचा नाही, इतका तो गोड होता, आणि आपल्याला राग येत नाही याचा मात्र याला राग यायचा. बँडमध्ये जागा एकच होती, त्यामुळे हा रविवारी दुसऱ्या रांगेत बसून ऐकायचा. ‘पुलावरची चाल’ म्हणून त्यांची एक जुनी मिरवणुकीची धून होती. आधी सगळे मिळून गलका करायचे, मग एकेकाची फेरी. बाकीचे मागे ठेका धरणार आणि त्या मिनिटभरात एकानं जे सुचेल ते वाजवायचं. या संगीताचा कायदा म्हणावा तर हा एवढाच : फेरी ज्याची त्याची. दुसऱ्याचं उष्टं वाजवायचं नाही. धाकटा अगदी वरच्या सुरावर सुरू करायचा, तो सूर लोक खुर्च्यांत पुढे सरकेपर्यंत धरून ठेवायचा, आणि मग चपला हातात घेऊन जिने उतरणाऱ्या पोरासारखा धडधडत खाली यायचा. शेवटी शेवटी त्याची ती फेरी इतकी जमून गेली होती की त्यानंही ती बदलणं सोडलं होतं. मग अकरा दिवस ताप आला आणि चौतिसाव्या वर्षी तो गेला.

त्यानंतरच्या रविवारी बँडवाल्यांनी ठरवलं होतं की धाकट्याची फेरी मोकळी सोडायची. खुर्ची ठेवायची, खुर्चीवर त्याची क्लॅरिनेट ठेवायची, आणि त्याची पाळी आली की सगळ्यांनी थांबायचं. ड्रमवाला नुसत्या पायानं ठेका देणार आणि मिनिटभर रिकाम्या खुर्चीला वाजवू द्यायचं. ठरवलेलं चांगलंच होतं. पण ते याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हा बँडमधला नव्हता. दुसऱ्या रांगेतला होता. स्वतःची क्लॅरिनेट पेटीसकट मांडीवर घेऊन तो का गेला होता, हेही त्याला धड सांगता आलं नसतं. घरी ठेवून जाणं जिवावर आलं होतं, इतकंच. सगळे थांबले, ठक ठक असा पायाचा एकटा आवाज उरला, आणि त्याला वाटलं, कप्तानाला आवरत नाहीये, बँड कोसळतोय, कुणीतरी धरायला हवं. तो उभा राहिला. धाकट्याची फेरी त्यानं पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, श्वास जिथं घेतला जायचा तिथं श्वास घेत, जशीच्या तशी वाजवली. ती नक्कल नव्हती. मोठ्यानं रडता येत नाही अशा माणसाचं ते रडणं होतं, आणि एकदाच करायचं होतं. कँटीनमधल्या बायका हुंदके देत होत्या. कप्तानानं येऊन त्याला मिठी मारली, त्याच्या कानाशी तोंड नेऊन तो म्हणाला, “पुढच्या रविवारी ये. आणि हेच वाजव.” दुःखातला माणूस काहीही बोलतो, असं तेव्हा वाटलं होतं. पुढच्या रविवारी तो गेला. हेच वाजवलं. त्याच्या पुढच्याही. बाकीच्या चालींमध्ये तो काय वाजवतो याकडे कप्तान कधी कान देत नसे. पण पुलावरच्या चालीत याची फेरी आली की कप्तान टोपी काढून छातीशी धरायचा आणि डोळे मिटायचा. एकोणतीस वर्षं हा माणूस त्याच्यापासून दोन हातांवर उभा आहे आणि त्यानं याला ती फेरी वाजवताना एकदाही पाहिलेलं नाही.

“तुमच्याबद्दल दोन ओळी आहेत,” दुपारी जेवायला वर गेल्यावर बायको म्हणाली. कागद त्यानंच तिच्यापुढे टाकला होता, सहज टाकल्यासारखा.

“एक,” तो म्हणाला. “दुसरी त्याच्याबद्दल आहे.”

तिनं पुन्हा वाचलं. ती कोर्टात टंकलेखक होती, निवृत्त झाली तरी कागद तपासायला घेतल्यासारखाच धरायची. “मग यात खोटं काय लिहिलंय? मेलेल्या माणसाचा कोट घालून फिरताय एकोणतीस वर्षं, आणि आता तक्रार काय, तर लोक त्याला त्याचा कोट म्हणतात.”

“तक्रार कुठे करतोय मी?”

“करत नाही, हीच तर माझी तक्रार आहे.” तिनं कागद त्याच्या ताटाशी सरकवला. “कँटीनमध्ये येणं मी का सोडलं, विचारलंत कधी? तुम्ही उभे राहिलात की सगळे असे बघायचे, जसे काही तुमच्यातून आरपार पलीकडे कुणीतरी दिसतंय. मला नाही बघवत ते. रविवारी येईन मी. पण माझी एक अट आहे.”

“काय?”

“तुमचं वाजवा.”

“माझं म्हणजे?”

“ते मी कसं सांगू? इतकी वर्षं त्या नळीत फुंकताय, तुमचं म्हणून मिनिटभर तरी साचलं असेल की नाही?”

साचलं होतं. पण तिला हे माहीत नव्हतं की चौथ्या वर्षी त्यानं एकदा करून बघितलं होतं. असाच एक रविवार, पावसाळी नव्हे, उन्हाळी नव्हे, कुणाच्या लक्षात राहू नये असा. त्यानं खालच्या सुरावर सुरुवात केली, स्वतःच्या, आणि दोन श्वास वाजवलं असेल नसेल तोच कप्तानानं डोळे उघडले, कॉर्नेट ओठांना लावली आणि मूळ धून मोठ्यानं वाजवत त्याच्यावर चाल करून आला. कॉर्नेटपुढे क्लॅरिनेटच्या खालच्या सुराचं काय चालणार? तो बुडाला. ट्रॉम्बोनही आला, सगळे आले, लोकांना वाटलं बँड रंगात आला. मधल्या सुट्टीत कप्तान चहाचा पेला घेऊन त्याच्याजवळ आला होता आणि अगदी मायेनं म्हणाला होता, “बरं वाटत नाही का रे?” त्यात राग असता तर भांडता आलं असतं. माया होती, म्हणून तो मूग गिळून बसला आणि पुढची पंचवीस वर्षं बसूनच राहिला.

बुधवारी कप्तान स्वतःच दुकानात आला. तोंडावर रुमाल धरलेला, वय चौऱ्याहत्तर, पण चाल अजून ट्रामचं वेळापत्रक हातात असल्यासारखी. रुमालातून त्यानं वरच्या चार दातांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिला मधोमध तडा गेला होता. कॉर्नेट वाजवणाऱ्याचं सगळं त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर असतं. त्यांच्यावर ओठ, ओठावर पितळी तोंड, आणि त्या इवल्याशा जागेवर फुप्फुसांचा सगळा जोर. कप्तानाचे ते चार दात आठ वर्षांपूर्वी पडले, तेव्हा आता बँड संपला असंच सगळे धरून चालले होते. यानं चार महिने घालवले, तीन पट्ट्या करून फोडल्या, कप्तानाचे जुने फोटो भिंगाखाली ठेवून त्याच्या मूळच्या दोन दातांमधली फट मोजली, आणि चौथी पट्टी अशी केली की कप्तान पुन्हा वाजवू लागला, काही जण म्हणाले की पहिल्यापेक्षा छान. कागदावर याचा उल्लेख नव्हता. कप्तानाचे दात त्याचे स्वतःचे नाहीत ही गोष्ट छापायची नसते, हे त्यालाही कळत होतं.

“रविवारच्या आत पाहिजे बाबा,” कप्तान रुमालाआडून म्हणाला. “सगळा कार्यक्रम आता तुझ्या हातात आहे.”

“शुक्रवारी देतो.”

“पोरीनं पाठवला ना कागद? काय सुरेख लिहिलंय! मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.”

“क्लॅरिनेटचंही तुम्हीच सांगितलंत?”

“मग दुसरं कोण सांगणार?”

त्यानं पट्टी उजेडात धरली, तड्यावरून नख फिरवलं. “सांभाळत आहेत, असं लिहिलंय माझ्याबद्दल.”

“सांभाळतोच आहेस की!” कप्तानाचे डोळे भरून आले. रुमाल खाली गेला आणि त्याचं ते मधोमध रिकामं, लहान मुलासारखं तोंड दिसलं. “तुझ्याइतकं कुणी सांभाळलं नसतं. पोटच्या पोरानं नसतं सांभाळलं. मी रविवार ते रविवार जगतो तो त्या एका मिनिटासाठी, खोटं नाही सांगत. माझा भाऊ अजून आहे, तुझ्यामुळे आहे. हे मी कागदावर घालायला सांगणार होतो, पण मग आवंढाच आला.”

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कप्तान पायरीवरून वळला, “शुक्रवार हं,” म्हणाला, आणि रुमाल पुन्हा तोंडाला लावून निघून गेला. दुकानात प्लॅस्टरचे बावीस जबडे होते आणि ते सगळे उघडे होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत त्यानं तडा भरून काढला. मग पट्टी साच्यावर चढवून तो बघत बसला. घासायचं यंत्र चालू होतं, माशी घोंघावावी तसा त्याचा आवाज. उजवीकडच्या मधल्या दाताच्या आतल्या कडेवरून केसभर, फक्त केसभर काढलं, तर काय होईल हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. बोलताना काही कळणार नाही. खाताना नाही. वाजवायला सुरुवात केली की अर्धा तास नीट जाईल. मग ओठ थकला की पट्टी थोडी डोलायला लागेल, पितळी तोंड घसरेल, हवा बाजूनं निसटेल, आणि कप्तान कॉर्नेट खाली करून खुर्चीवर बसेल. पुलावरची चाल शेवटी असते. ती येईपर्यंत चाल करून यायला कुणी उरणार नाही. मास्तरांच्या बँजोला तेवढा आवाज नाही, ट्रॉम्बोनवाला कप्तानानं खूण केल्याशिवाय हलत नाही. मिनिटभर मैदान मोकळं. आणि दोष कुणाचा? तड्याचा. वयाचा. दुरुस्त केलेली वस्तू शेवटी दुरुस्त केलेलीच असते, असं तो स्वतः चेहरा पाडून सांगेल. त्यानं पट्टी उचलली, यंत्राच्या चाकाजवळ नेली. हात स्थिर होता. चाळीस वर्षांचा हात, त्याला केस म्हणजे किती ते डोळे मिटून कळायचं. चाक दाताला टेकलं, आणि हातानं जे केलं ते त्यानं सांगितलेलं नव्हतंच: कडेला राहिलेला एक बारीक खरखरीतपणा अंगठ्याला लागला होता, तो तेवढा उतरवला, कड गोल केली, चकाकी दिली. त्यानं पुन्हा चाकाजवळ नेली. पुन्हा हातानं काम चांगलंच केलं. त्याच्या आजवर झालेल्या कामात हे काम सगळ्यांत सरस झालं, हे बघून त्याला रडू यायला लागलं. लोक याला सचोटी म्हणतात. त्याला वाटलं, ही भित्रेपणाचीच एक जात असावी. माणसाला वाईट वागायचंसुद्धा धाडस नसलं की तो कामात चोख होतो.

रविवारी कँटीन भरून गेलं होतं. जस्ताच्या लांब टेबलावर पेले मांडलेले, उघड्या दारातून आगारातल्या उभ्या ट्राम दिसत होत्या, भिंतीवर तो पिवळा कागद मोठा करून लावलेला. ट्रॉम्बोनवाल्याची सून दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक देत होती. त्यालाही दिला, हसून. “कसा झालाय?” तिनं विचारलं आणि तो म्हणाला, “छान.” बायको शेवटून दुसऱ्या रांगेत कोट अंगावरच ठेवून बसली होती, केव्हाही उठून जाता यावं अशी. तिनं त्याच्याकडे बघून हनुवटी किंचित वर केली. कप्तानानं पहिल्या चालीपासून असं वाजवलं की मास्तर बँजो छेडता छेडता त्याच्याकडे बघत राहिले. पट्टी जराही हलत नव्हती. तासभर झाला तरी नाही. आपलं काम आपल्या कानांनी ऐकत तो उभा होता आणि मनात हिशेब करत होता की आज चाल करून आला तर चौथ्या वर्षीपेक्षा दुप्पट जोरानं येईल.

मग पुलावरची चाल आली. सगळ्यांचा गलका झाला, ट्रॉम्बोनची फेरी झाली, बँजोची झाली, शिंपीणबाईंनी ठेका हलका केला. कप्तानानं टोपी काढून छातीशी धरली, डोळे मिटले. लोक तो वरचा सूर घ्यायला खुर्च्यांत आधीच पुढे सरकले होते. त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि अगदी खालून, जिथं तिचा आवाज खोकला झालेल्या माणसासारखा लागतो तिथून सुरुवात केली. एक सूर, मग थांबणं, मग त्याच्याच शेजारचा सूर. ठरवलेलं काहीच नव्हतं. जिने धडधडत उतरणं नव्हतं, हसणं नव्हतं. एक माणूस अंधाऱ्या खोलीत हातानं भिंत चाचपत चालला आहे असं ते होतं. भिंत संपत नाही, दारही येत नाही, तरी तो चालतो. त्यात घाण वाटावा असा एक सूर दोनदा आला आणि दुसऱ्यांदा त्यानं तो मुद्दाम धरून ठेवला, पातींसाठी, दुसऱ्या रांगेसाठी, ‘बरं वाटत नाही का रे’साठी. ते फारसं सुंदर नव्हतं, वाजवतानाच त्याला कळत होतं. पण त्यातला एकही सूर कुणाकडून आणलेला नव्हता. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं : कप्तानाचा हात हलला. कॉर्नेट वर आली, ओठांपर्यंत आली. आता, त्याला वाटलं. त्यानं छातीत उरलेली सगळी हवा खाली ढकलली आणि तो घाण सूर तिसऱ्यांदा वाजवला, मोठ्यानं. कॉर्नेट ओठांशी क्षणभर थांबली आणि हळूच खाली गेली.

ऐकलं. कप्तानानं ऐकलं आणि वाट दिली! तिशी ओलांडल्यापासून असं सुख त्याला झालं नव्हतं. उरलेलं अर्धं मिनिट त्यानं कसं वाजवलं ते त्याला कळलंच नाही. हात, श्वास, पात, सगळं एका माणसाचं होतं आणि तो माणूस तो स्वतः होता. मग सगळे एकदम आले, शेवटचा गलका, शिंपीणबाईंचा शेवटचा ठोका, आणि टाळ्या. लोक उभे राहिले होते. कप्तान त्याच्याकडे वळला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. त्यानं याचा हात धरून वर केला आणि लोकांकडे बघून ओरडला, “ऐकलंत ना? आज तो आला होता! आज माझा भाऊ स्वतः आला होता!” टाळ्या दुप्पट झाल्या. मग याच्या कानाशी, “मी साथ द्यायला उचलली होती रे कॉर्नेट, पण म्हटलं नको, त्याला एकट्याला वाजवू दे. इतकं हुबेहूब एकोणतीस वर्षांत कधी वाजवलं नव्हतंस.”

“कप्तान, मी ते…”

“बोलू नकोस. आज काही बोलू नकोस.”

त्यानं हात सोडवून घेतला. क्लॅरिनेट सुटी करायचंही न सुचून तो तशीच हातात धरून खुर्च्यांमधून निघाला. माणसं त्याच्या पाठीवर थाप मारत होती, ‘अगदी तोच’, ‘अगदी तसंच’, आणि प्रत्येक थापेसरशी तो शेवटून दुसऱ्या रांगेकडे ढकलला जात होता. असू दे. कँटीनभर बहिरे असू देत. एका माणसाला कळलं असलं तरी पुष्कळ होतं, आणि ते माणूस कोट घालून तिथं उभं होतं. तिचे डोळेही ओले होते. तिनं पुढे होऊन त्याच्या कोपराला धरलं आणि त्याला भिंतीकडे घेतलं. अशी ती त्याला कितीतरी वर्षांत बिलगली नव्हती.

“काळजी करू नका,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“काय?”

“विसरलात ते. पाठ आहे मला सगळं, रोज भिंतीपलीकडून ऐकतेय की. सुरुवातच चुकली, आणि मग तुम्ही आपलं काहीबाही जुळवत नेलंत. माझा जीव नुसता खालीवर होत होता. पण मी मुद्दाम लोकांकडे बघत होते, एकालाही कळलं नाही. कप्तानालासुद्धा नाही.” तिनं त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालानं टिपला. “माझंच चुकलं. नाही नाही ते बोलले तुम्हाला मंगळवारी, म्हणून तुम्ही गडबडलात. तुमचं आपलं नेहमीचंच चांगलं आहे हो.”

तिच्या तोंडावर इतकी माया होती की त्याला दुसरं काही म्हणणं सुचेना.

“हो,” तो म्हणाला. “मध्येच विसरलो. पुढच्या रविवारी नीट वाजवीन.”